डोकं शेवटी

१४ डिसेंबर, रविवार

बोलून बसले. आता माघार नाही.

माझ्या लेकीला, अनन्याला, कनू शिकायचीय. म्हणजे एकटीने चालवायची होडी — वरून उघडी, आत गुडघे टेकून बसायचं आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने वल्हवायची. कोलाडच्या राफ्टिंग कॅम्पवर फेब्रुवारीपासून मुलींचा वर्ग सुरू होतोय. तिथला नितेश शिकवणार. पुढे शर्यतींना नेणार म्हणे. बाईसाहेब अकरावीत, आणि डोक्यात पाणी.

सकाळी धरणाचं पाणी सुटलं की कुंडलिका नदी काय होते, ते मला विचारा. कॅम्पची फाटकी लाइफ जॅकेटं माझ्याच शिलाई मशीनवर येतात. ज्या पट्ट्यातून सुई घालताना माझा अंगठा दुखून येतो, तो पट्टा पाण्याने टर्रकन फाडलेला असतो. लोक फोटो काढून घरी जातात. जॅकेट माझ्या मांडीवर येऊन पडतं.

सुशील, तिचा बाप, रविवारची पाळी करून कंपनीतून आला, चहा पिता पिता म्हणाला, "जाऊ दे की गो तिला." याला सगळंच जाऊ दे!

नितेश समोरच बसला होता, जॅकेटं न्यायला आलेला. म्हणाला, "वैनी, कनू उलटली तर आतच बसून ती सुलटी करायची. त्याला रोल म्हणतात. तो आला की भ्यायचं कारन नाय."

मी पटकन बोलले, "मग आधी मला येऊ दे तो रोल. मला आला की अनन्या जाईल. तोवर हिने पाण्यात पाय घालायचा नाही."

मला वाटलं विषय संपला. तोंड बुडेल एवढं पाणी मी जन्मात अंगावर घेतलेलं नाही. पण कार्टी म्हणाली, "चालेल. नितेशदादा, रविवारी येतो आम्ही."

२१ डिसेंबर, रविवार

पाण्यात जाऊन आले.

दुपारी वरून सोडलेलं पाणी ओसरलं की कॅम्पच्या खाली एक डोह शांत राहतो. तिथे. पाणी बर्फ. नितेशने मला कनूत गुडघ्यांवर बसवलं, मांड्यांवरून दोन पट्टे आवळले. त्यांना एक लाल दोरी. ओढली की पट्टे सुटतात आणि माणूस बाहेर. ती दोरी मी शंभरदा चाचपली.

मग त्याने कनू उलटी केली.

शेंगा भाजायला पोपटीचं मडकं उलटं घालतात तशी मी. कानात घों घों. वर कुठे आणि खाली कुठे काही कळेना. मी ती दोरी अशी ओढली की नितेश म्हणतो, बक्कल उपटून आलं असतं. वर येऊन ओरडले. काठावरच्या मुंबईच्या पोरांनी मान वळवून बघितलं. बघू देत.

नितेश समजावतो — वल्हं पाण्यावर आडवं दाबायचं, गुडघ्याने कनू फिरवायची, मग कंबर, मग खांदा. डोकं शेवटी. "तुमी पयलं डोकं काढता वैनी. डोकं जड असतं. ते वर काढलं की कनू परत खाली."

अरे, बुडणारं माणूस पहिलं डोकंच काढणार ना! श्वास काय गुडघ्याने घेऊ?

२४ डिसेंबर

नाकातून अजून पाणी येतंय. पाटीलबाईंच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली. उसवली.

२८ डिसेंबर, रविवार

नाही आलं. किती वेळा उलटले ते मोजलं नाही. दर वेळी डोकं आधी.

काल झोपच नव्हती. गाडीत मनाशी म्हणत होते, टायर पंक्चर होऊ दे. नाही झाला.

अनन्या काठावर टॉवेल घेऊन उभी. तिला पाण्यात उतरायची बंदी, म्हणून मी बाहेर आले की माझ्या कनूतलं पाणी डब्याने उपसत बसते. तेही किती प्रेमाने! उघडी कनू सुलटी झाली तरी अर्धी भरलेलीच असते, मग ती डगमगते, हे सगळं तिला पाठ. "आई, आज तुझी कंबर बरोबर फिरत होती." मलाच शिकवते.

इथे लिहिते, कुणाला सांगायचं नाही. रोज दिवा लावताना मी एकच मागते — देवा, हिच्या मनातून हे पाणी जाऊ दे. मला रोल येऊ दे असं एकदाही मागितलं नाही.

४ जानेवारी, रविवार

नवीनच. मांडीवरचे पट्टे ढिले पडतात. उलटी झाले की मी आतून घसरते, गुडघा कनूला लागतच नाही, मग फिरवणार काय? नितेश म्हणाला, पट्टे जुने झालेत, नवे मागवलेत.

जुने पट्टे! जॅकेटं शिवणारी मी, आणि माझ्याच मांडीवर घसरतात पट्टे. म्हटलं बघते मी.

८ जानेवारी

पलंगावर उपडी पडून सराव करत होते. हातात वल्हं म्हणून झाडू. गुडघा, कंबर, खांदा, डोकं. सुशील अचानक आला. दारातूनच वाकून पलंगाखाली बघितलं. मग म्हणाला, "पाल हाय काय गो पलंगाखाली?"

हसले मी पण. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

११ जानेवारी, रविवार

गडबला माहेरी. भावाने, गोविंदाने, शेतावर पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला. अनन्याने सगळ्यांना माझा रोल करून दाखवला, जमिनीवर लोळून. आई काही हसली नाही. म्हणाली, "पोरीला आडवायचं म्हनून स्वतः बुडतेस काय गो? सरळ नाय म्हन ना." सरळ नाही म्हटलं तर ती मला जन्मभर माफ करणार नाही, हे आईला काय सांगू.

दुपारी गोविंदा पेणला न्यायला, ट्रॅक्टरवर चढवायला पेंढ्याचे भारे बांधत होता. मी हात लावला. लहानपणापासूनचं काम, हात विसरत नाहीत. सुंभ आधी बादलीत भिजवायचा, मग आवळायचा आणि ती आपली भाऱ्याची गाठ मारायची. गोविंदा म्हणाला, "भिजला का अजून आवळतो. पेनपर्यंत हादरत गेला तरी भारा सुटत नाय."

तिथेच डोक्यात आलं. पट्टे का घसरतात? बक्कल नायलॉनचं. पाण्यात गुळगुळीत होतं. सुंभ मात्र पाण्यात जास्त धरतो.

हातभर सुंभ मागून घेतला.

१८ जानेवारी, रविवार

सुंभाचं नितेशला सांगितलं नाही. तो पाणी नाही म्हणून चिडलेल्या मुंबईच्या लोकांत अडकला होता. मी माझं माझं बांधलं, बक्कलाच्या वरून, लाइफ जॅकेटच्या खाली दिसणार नाही असं. आज धरणातून पाणी सोडलंच नाही, नदी कोरडी, डोहही उथळ, म्हणून फार काही केलंच नाही. फक्त बसून बघितलं. काय धरलंय म्हणता! कनू माझ्या अंगाचीच झाली.

बक्कलाला जाणारी लाल दोरी आता त्या गाठीच्या खाली जाते. हे लक्षात आलं. पण आता लागणार कशाला, असं वाटलं.

२५ जानेवारी

ताप. नाही गेले. देवाचे आभार मानले, मग लाज वाटली. दोन आठवड्यांनी वर्ग सुरू. अनन्या रोज विचारते, "ताप उतरला?"

१ फेब्रुवारी, रविवार

लिहायला हवं. नाही लिहिलं तर डोळे मिटता येणार नाहीत.

नितेश काठाजवळ छातीभर पाण्यात होता. मी डोहाच्या मध्याला. अनन्या खडकावर. पट्टे सुंभाने आवळलेले. मी स्वतःहून उलटी झाले, पहिल्यांदाच कुणी न ढकलता.

कनू फिरायला लागली. गुडघा लागला, कंबर लागली. हे आलंच, असं वाटलं — आणि मी डोकं काढलं. नाकाला हवा लागली न लागली तोच परत खाली.

ठीक आहे, म्हटलं, बाहेर पडू. लाल दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. दोरी गाठीत अडकलेली. गाठ चाचपली. सुंभ भिजून लाकूड झालेला. बोटं घालायला फट नाही. पेणपर्यंत सुटत नाही ती गाठ.

मला काय वाटलं ते लिहिते. अनन्या बघतेय, एवढंच वाटलं. ती बघत असताना नको.

छातीत आग. वल्हं अजून हातात होतं. हवा तर संपलीच होती, आता डोकं वर काढण्यात काही राहिलं नव्हतं. गुडघा. कंबर. खांदा. डोकं पाण्यातच ठेवलं, मान खाली, बुडायचं तर बुडू दे.

आणि उजेड आला.

कनू काठोकाठ भरलेली आणि मी तिच्यात बसलेली. खोकतेय, ओकतेय. नितेश पोहत येऊन कनूला धडकला. त्याने मांडीवर बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. खिशातली सुरी काढून सुंभ कापला. म्हणाला, "वैनी, ह्यो काय पेंढ्याचा भारा हाय?" मग पाठ वळवून म्हणाला, "रोल झाला तुमचा."

मी हसले म्हणे. मला आठवत नाही. खाली शेवटी शेवटी भीती नव्हती, हे मात्र आठवतंय. ती कुठे गेली कुणास ठाऊक.

अनन्याकडे बघितलं तर ती खडकावर खाली बसली होती. टॉवेल पाण्यात पडलेला.

२ फेब्रुवारी

तिला सांगितलं, शब्द म्हणजे शब्द, तू वर्गाला जा. मान हलवली. जेवली नाही.

५ फेब्रुवारी

रात्री अनन्या दोन वेळा ओरडत उठली. "सुटत नाही, सुटत नाही." मी कुशीत घेतलं. कितीतरी वर्षांनी.

८ फेब्रुवारी, रविवार

वर्गाचा पहिला दिवस. सगळ्या मुली कनूत बसल्या. अनन्या पाण्यापर्यंत गेली, कनूत एक गुडघा टेकवला आणि परत आली. "मला नाही जायचं आई. आणि तूसुद्धा जाऊ नकोस." गाडीत तोंड झाकून बसली.

हेच मागितलं होतं मी. रोज. मागितलं ते मिळालं. सात वाजून गेले, सुशील दोनदा म्हणाला दिवा लाव. मी अजून उठलेले नाही.