थाळी वाजली की

२४ सप्टेंबर
शेंदूरजनाघाटला पोचलो. रविकांत वकिलांचा संत्र्याचा बगीचा, मधोमध शाळेच्या मैदानाएवढं शेततळं. भोवती उंच बांध, आत काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेली. तळं मी आतल्या मासळीसकट तीन वर्षांच्या करारानं घेतलं. अकोल्यात सायकलवर टोपली बांधून मासळी विकणारा धर्मपाल आज तळ्याचा मालक झाला, निदान पाण्यापुरता! वकिलांनी बजावलं, पन्नी फार गुळगुळीत आहे, आत पडलेला माणूस दोराशिवाय वर येत नाही. गाठी मारलेला दोर एकच, बांधावरच्या खुंट्याचा, त्यालाच तराफा बांधलेला. आधीचा राखणदार मोतीराम न सांगता गावी गेला म्हणे. त्याचा चष्मा मात्र खोलीच्या खिडकीत आहे. चष्मा ठेवून गावाला जाणारा माणूस मी अजून पाहिला नाही. असो, कामाचं बघू.

२७ सप्टेंबर
बांधाबाहेरच्या कडुनिंबाला मोतीरामची जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) थाळी टांगलेली आहे, शेजारी वाजवायची काठी. पाच वाजता ती वाजवली की मासे वर येतात, मग कोंडा आणि सरकीची ढेप टाकायची. माझे कान तिखट. तोंडांच्या चपचपीवरून रोहू किती, कटला किती, डोळे मिटून सांगतो.
माशांमागं दिवडीही येतात. पाण्यातले साप, बिनविषारी, त्यांचं काय भ्यायचं? मासा आडवा धरून कडेला आणतात, फिरवून डोक्याकडून गिळतात, म्हणजे काटे अडकत नाहीत. बेडूक मात्र मागच्या पायांकडून, सावकाश. तो ओरडतच आत जातो.
निंदणाला येणाऱ्या अनसूयाबाई म्हणाल्या, भाऊ, थाळी वाजवली का मंग रोज द्या लागते. मोतीरामचा कोंडा सरला होता, तरी त्यानं एक दिवस वाजवली. पुढं काय झालं विचारलं, तर खुरपं उचलून चालत्या झाल्या.
मुलीला, प्रियदर्शनीला, फोन केला. अकोल्यात नर्स आहे. म्हटलं, दसऱ्याला ये, इथून दीक्षाभूमीला जाऊ. मी दिसलो नाही तर कडुनिंबाखालची थाळी वाजव, कुठूनही ऐकीन.

२ ऑक्टोबर
चपचप कमी झाली. निम्म्यानं. दिवडी मात्र वाढल्या, चाळीस मोजल्या आणि सोडून दिलं.
एक दिवड बेडूक गिळून पन्नीवर पडली होती. पोट फुगलेलं. त्या पोटातून बेडूक ओरडत होता. आवाज दबका, पण स्पष्ट. बराच वेळ ओरडत होता.

६ ऑक्टोबर
थाळी वाजवली. मासा एकही आला नाही. दिवडीच आल्या, बांध चढून माझ्या पायांपर्यंत. कोंड्याला तोंड लावलं नाही. माना वर करून नुसत्या थांबल्या.
उद्यापासून वाजवणार नाही.

८ ऑक्टोबर
दोन दिवस वाजवली नाही. तरी पाचला बांधावर दिवडींची रांग लागते.
आज दुपारी अनसूयाबाईंचा कुत्रा कडुनिंबाखाली झोपला होता. वाऱ्यानं थाळी खणकली. मी खोलीत होतो. कुत्रा एकदाच केकाटला. धावलो, तर झाडापासून बांधावरून पाण्यापर्यंत ओली रेघ, माझ्या मांडीएवढी रुंद. दिवड एवढी नसते.
कुत्रा पाण्याखालून कण्हत होता. ऐकलं मी.

९ ऑक्टोबर
वकिलांना फोन केला. हसले. दसरा होऊ द्या, मग पाहू म्हणाले. अनसूयाबाई रिद्धपूरला दर्शनाला गेल्या, बगीच्यात कोणी नाही. निघून जावं, पण उभ्या आयुष्याची कमाई या पाण्यात आहे. उद्या तराफ्यावरून जाळं टाकतो. मासे उरलेच नसतील तर थाळी उतरवून निघतो.

१० ऑक्टोबर
तराफ्यावर आहे. वही खिशात होती, पन्नीच्या पिशवीत, म्हणून लिहितोय.
जाळं रिकामं आलं. वळलो, तर दोर तुटला. पोहून कडेला गेलो. तीनदा चढलो, तीनदा घसरलो. बोटांना पकडच मिळत नाही. दिवडी त्याच पन्नीवरून वर जातात.
तिसऱ्या वेळी पायाला काहीतरी घासून गेलं. घासतच राहिलं, संपेना —
परत तराफ्यावर. फोन खोलीत वाजतोय.

११ ऑक्टोबर
ओरडून घसा बसला. रस्त्याच्या फाट्यापर्यंत आवाज जात नाही.
तराफ्याला खालून काहीतरी टेकलंय. हलत नाही.
खालून कण्हणं येतं. कुत्र्याचं नाही — माणसाचं.
उद्या प्रियू येईल. बांधाबाहेरून मी दिसणार नाही. थाळी वाजव म्हणून मीच सांगितलंय. ओरडलो तर बांध चढेल, पन्नीवरून खाली — न ओरडलो तर —
एक हाक राखून ठेवतो.

१२ ऑक्टोबर
दसरा. फाट्यावर ऑटो थांबला.
तिच्याच चपलांचा आवाज.
बाबा म्हणाली. दोनदा.
बांधावरच्या दिवडींनी माना वळवल्या. कडुनिंबाकडं —
ओरडलो. नुसती हवा निघाली. पुन्हा —
काठी उचलली तिनं. ऐकू आलं.
प्रियू नको
थाळी वाजली. तराफा एकदम हलका झाला. खालचं ते बांधाकडं निघा—