चकवरचं झाकण

ता. ९ जानेवारी

चि. बारकीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हणून रुसली असशील तर तो रुसवा घडी घालून ठेव, सवडीने काढू. सध्या एकेक दिवस ढकलताना नाकी नऊ येताहेत.

तुझ्या दादाचं प्लास्टर परवा काढलं. हाड जुळलंय, डॉक्टर खूश आहेत. त्यांना खूश व्हायला काय जातं, हात त्यांचा नाही. आतून निघालेला तो पांढरा, सुरकुतलेला हात कुणा दुसऱ्याचाच वाटला. अंगठा अजून पुरता मिटत नाही. मिटेल म्हणतात.

तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. मी मागच्या खोलीत चहा घेऊन गेले तर ह्यांची बाही लेथच्या चकमध्ये गुंतून हात आत ओढला जात होता. चक तू पाहिलं आहेस, लोखंडाचा तुकडा धरून गरागरा फिरणारा तो जबडा. मी मेन स्विच पाडला म्हणून हात जागेवर राहिला. कारखान्यात टर्नर म्हणून लोखंड कातण्यात जन्म गेला, बोटाला ओरखडा नाही, आणि घरच्या मशीनने असा घात केला.

कारखाना बंद पडल्यावर ह्याच मशीनने माणूस उभा ठेवला, हे मी विसरले नाही. म्हणून ते विकून टाका असं म्हणणार नाही. पण चकवर झाकण बसल्याशिवाय ते सुरूही होऊ देणार नाही. मोटरचा पट्टा काढून मी कपाटात ठेवलाय आणि किल्ली माझ्यापाशी आहे. ह्यांना तसं सांगितलं तर नुसतं बरं म्हणाले. वाद नाही, चिडणं नाही. मला वाटलं, पटलं.

तुझ्या शहरात जुन्या मशीनच्या सुट्या भागांचा बाजार आहे म्हणे. चकवर येणारं बिजागरीचं झाकण हवंय, आणि ते उचललं की मशीन आपोआप बंद पडेल असा त्याला जोडलेला स्विच. समोरून जो आट्यांचा लांब दांडा फिरतो, त्याच्यावरचं आवरण मिळालं तर सोन्याहून पिवळं. मशीनवरच्या पाटीची नक्कल आणि पुठ्ठ्याचं माप सोबत ठेवलंय. माप मीच घेतलं. हे म्हणाले, तूच घे.

पोरांना नकाशावर नद्या-डोंगर शोधून देतेस, तिथे हे एवढंसं झाकण काय! माया तुझी आहेच, आता थोडी पायपीटही होऊ दे.

तुझी,
वहिनी


ता. २ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या पिशवीत घेऊनच फिरतेय. पहिल्या दिवशी मी त्या बाजारात चक्क हरवले. भूगोलाची बाई गल्लीत चुकली हे दादाला सांगू नकोस, जन्मभर ऐकवेल.

गल्ली म्हणजे काय सांगू! उंबऱ्याउंबऱ्यावर तेलाचा काळा थर, भिंतीला टेकवलेले लोखंडी दांडे, मोटरींच्या राशी, आणि त्यांच्या मागे कुठेतरी दुकानदार. मशीनचं नाव काढलं की प्रत्येकाचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा होतो आणि मग मान आडवी हलते. मूळ कंपनीला मी पत्र घातलं होतं. ते, असं कुणी इथे नाही, असा शेरा मारून परत आलं. कंपनी कधीच बुडाली म्हणे.

एक दुकानदार आहे, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. मी त्याला दोनचष्मे म्हणते. तो म्हणाला, बाई, गिअर मागा, चक मागा, सबंध मशीन मागा, पण झाकण कसलं मागता? कारागिराला ते कामात मधेमधे येतं, तो पहिल्याच आठवड्यात काढून फेकतो. घरी परतताना मनात आलं, दादाच्या मशीनलाही मूळचं झाकण असणारच की. ते कुठे गेलं?

शेवटी दोनचष्म्याने दुसऱ्या बनावटीचं एक काढून दिलं. थोडं कमीजास्त करून बसेल म्हणाला. ते आजच पाठवतेय. बसलं तर कळव, नाही बसलं तर आणखी लवकर कळव. दादाचा अंगठा मिटतो का? त्याला म्हणावं, मला अंगठा दाखवायला तरी तो वापर.

तुझा हात माझ्या डोक्यावर आहे तो तसाच असू दे.

तुझी,
बारकी


ता. २० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

झाकण पोचलं. नाही बसलं. बिजागरी उलट्या बाजूला आहे, उघडलं तर थेट तोंडावर येतं. शिवाय चकचे जबडे आतून घासतात. पट्टा न लावता हाताने फिरवून पाहिलं तेवढ्यातच पत्र्यावर चरे उठले. ह्यांनी एकदा पाहिलं, हे नव्हे म्हणाले आणि बाजूला ठेवलं. मला वाटलं, खट्टू होतील. उलट त्या दिवशी दोन घास जास्त जेवले आणि मलाच म्हणाले, त्या पोरीला किती दमवतेस, नाही मिळत तर नाही. तुझा दादा तसा मायाळूच.

मूळच्या झाकणाचं मी विचारलं. हे खूप दिवसांनी हसले, पण ते हसू मला बघवलं नाही. त्यांनीच काढलं होतं ते, मशीन घरी आलं त्याच आठवड्यात. वर त्या पत्र्याची मला केराची सुपली करून दिली होती. मी रोज तिच्यात केर भरतेय, बारके. ती सुपली हातात धरून मी खाली बसले ती किती वेळ उठलेच नाही.

दिवस कसे जातात विचारू नकोस. हे खिडकीशी बसतात. दाढी मी म्हटलं तर करतात. ह्यांचं जुनं गिऱ्हाईक तो पंपवाला झिजलेला दांडा घेऊन दोनदा येऊन गेला, त्याला म्हणाले, झाकण आलं की करतो. शेजारच्या मास्तरांनाही तेच, माझ्या भावालाही तेच. जो तो आता तब्येतीऐवजी झाकणाचीच चौकशी करतो. मला आपलं वाटतं, एकदा हात कामाला लागला की माणूस परत येईल. म्हणून पुन्हा तुलाच गळ घालते. ह्यांनी नको म्हटलं तरी तू थांबू नकोस.

माझ्यावर लोभ ठेव, ह्यांच्यावर जरा जास्त ठेव.

तुझी,
वहिनी


ता. १८ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

बैस आधी. मिळालं! अगदी तुझ्या पुठ्ठ्याच्या मापाचं!

मी हात टेकले होते. दोनचष्मे मला पाहिलं की लांबूनच नाही नाही करायचा. मग आमच्या हेडबाईंनी सुचवलं, मुलांना कारागिरी शिकवतात त्या प्रशिक्षण शाळेत विचार, तिथे झाकणाशिवाय मशीनला हात लावू देत नाहीत. गेले. तिथल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात भंगारात जायला निघालेलं एक लेथ उभं होतं. पाटी पुसून पाहिली तर दादाच्याच मशीनचं सख्खं भावंड! चकवर झाकण, झाकणाला स्विच, दांड्यावर आवरण, सगळं जिथल्या तिथे. तिथल्या सरांना मी दादाच्या हाताचं सांगितलं. ते स्वतःच पाना घेऊन खाली बसले आणि एकेक बोल्ट सोडवून दिला.

बसमध्ये ते झाकण मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय हो हे? मी म्हटलं, माझ्या भावाचा हात.

जुन्या गोधडीत गुंडाळून ते आज पाठवलंय. दादाला म्हणावं, आता कुठली सबब चालायची नाही. पंपवाल्याला निरोप धाड.

तुझ्या आशीर्वादाइतकंच तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेय.

तुझी,
बारकी


ता. १८ मार्च

चि. बारकीस,
दादाचे आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. वहिनीला हे पत्र ठाऊक नाही. तुला अजून झाकण मिळालं नसेल अशा आशेवर लिहितो.

शोधणं थांबवू नकोस, नाहीतर तिला संशय येईल. पण मिळालं तर कळवू नकोस. मिळालं नाही, असंच लिहीत राहा.

अंगठ्याचं मी निभावून नेईन. एका हाताने काम करणारे टर्नर मी पाहिलेत. गोष्ट वेगळीच आहे. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की मी उठून रस्त्यावर जातो. वहिनीला वाटतं, पाय मोकळे करतो. ती बाजारात गेली की मी मागच्या खोलीत जाऊन मशीनपुढे उभा राहतो. बंद मशीन, पट्टा काढलेला, हलायचं म्हटलं तरी हलणार नाही. तरी माझा हात आपोआप पाठीमागे जातो, मार खाल्लेल्या पोरासारखा. कितीदा करून पाहिलं. आज होईल, उद्या होईल म्हणत गेलो. होत नाही.

मला दुसरं काही येत नाही, बारके. सगळं आयुष्य त्या आवाजात गेलं. आता टर्नर मशीनला भितो हे पंपवाल्याला कोणत्या तोंडानं सांगू? वहिनीला कसं सांगू? ती किल्ली जवळ ठेवून माझी राखण करतेय. झाकण नाही तोवर लोक मला विचारतात, झाकण कधी येणार. तुला काय झालं, असं कुणी विचारत नाही. तेवढा आडोसा मला राहू दे.

लहानपणी मी तुझ्या किती गोष्टी पोटात ठेवल्या, तशी ही तू ठेव.

तुझा,
दादा


ता. २४ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. झाकण आधीच निघालंय. ते परत बोलवायला मी पोस्टात धावत गेले. गाडी कधीच सुटली म्हणाले, पण जड पार्सल पोचायला अजून आठवडा तरी लागेल.

मी काय करून बसले, दादा. गल्लोगल्ली फिरून तुझ्या डोक्यावरचं छप्पर शोधून काढलं आणि उचकटून टाकलं. वर सबब चालणार नाही अशी ऐटही मारली.

एक ऐक. पार्सल उघडायच्या आत वहिनीला सांग. मी सांगू शकते, पण माझ्या तोंडून कळलं तर तिला वाटेल सगळ्या जगाला ठाऊक होतं आणि आपण तेवढ्या आंधळ्या. तू सांग. ती रागावेल, भांडी आपटेल आणि मग तुझ्याशेजारी येऊन बसेल. मला माझी वहिनी माहीत आहे. उभा राहू नकोस त्या मशीनपुढे. माझ्या गळ्याची शपथ.

तुझीच,
बारकी


ता. ११ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

आज लिहायला घेतलंय, पण कुठून धरू कळत नाही.

पार्सल आलं तेव्हा मी दारातच गोधडी सोडायला बसले. हे म्हणाले, थांब, तुझ्याशी जरा बोलायचंय. मी म्हटलं, बोलणं पळून जात नाही, आधी हे बघू या. मला इतका आनंद झाला होता, बारके. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

झाकण त्यांनी स्वतः बसवलं, डाव्या हाताने. मी बोल्ट धरले. स्विच जोडला, आवरण चढवलं. सगळं एखाद्या डब्याला त्याचंच झाकण लागावं तसं बसलं. मी कपाट उघडून पट्टा आणून दिला. ह्यांनी चकमध्ये एक दांडा आवळला, झाकण पाडलं, माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. महिने लोटल्यावर तो आवाज घरात आला आणि मला रडू फुटलं. मी वाट बघत राहिले, आता लोखंडाचा कीस उडेल, मग उडेल. दांडा नुसता फिरत होता. हे हललेच नाहीत. जवळ जाऊन पाहिलं तर पाठीवरचा शर्ट भिजून चिकटलेला, डोळे झाकणाच्या काचेवर खिळलेले आणि उजवा हात पाठीमागे घट्ट आवळलेला. बंद करायचं बटण वीतभर अंतरावर होतं. ते दाबायलाही त्यांना हात पुढे करवेना. मीच मेन स्विच पाडला.

चक थांबल्यावर हे तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. हात मोडला तेव्हाही रडले नव्हते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. डोळे पुसत म्हणाले, आता काय सांगू गं लोकांना?

मग सगळं सांगितलं, मिक्सरचंसुद्धा. मी कित्येक महिने त्या माणसाच्या शेजारी निजतेय आणि मला ठाऊक नाही. मी आपली किल्ली सांभाळत होते.

तुला ठाऊक होतं का? असलं तर लिहू नकोस. आत्ता कुणावर रागवायचं बळ माझ्यात नाही.

दुसऱ्या दिवशी पंपवाला आला. झाकण आलं हे त्याच्या कानावर गेलं होतं, मीच निरोप पाठवला होता. हे आत होते. मी दारातच म्हटलं, आमच्याकडे आता काम घेत नाहीत. का म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, मशीन नादुरुस्त आहे. तो कितीतरी वेळ उंबऱ्याशी तो दांडा हातात घेऊन उभा होता. मग, साहेबांना नमस्कार सांगा, म्हणून गेला. आता कुणी येत नाही.

मिक्सर मी माळ्यावर टाकलाय, पाट्यावर वाटते. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, हाताला काही झालेलं नाही, वेळ द्या. हे फारसे बोलत नाहीत, जेवतात जेमतेम. दुपारी मागच्या खोलीत दार उघडं टाकून स्टुलावर बसतात. पूर्वी मी बाहेरून हाका मारायचे. काल मीही एक खुर्ची नेऊन बसले. त्यांनी नको म्हटलं नाही. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघं तशीच बसलो होतो.

तुझ्या शाळेला सुट्टी लागली की ये. काही शोधू नकोस, काही आणू नकोस. तिसरी खुर्ची मी ठेवते.

तुझी,
वहिनी