तार काळी पडत नाही

७ ऑक्टोबर २००७, रविवार

तारांचा आवाज परत बसला. अकरा दिवसांत!

तालमीत पहिल्याच गाण्याला वाद्यवृंद चालवणाऱ्या अनंतरावांनी हात वर केला. सगळे थांबले. "जयाबाई, गेल्या रविवारी तुमची गिटार घंटेसारखी वाजत होती. आज गादी झोडपल्यासारखी वाजतेय. पुढच्या रविवारी काय आहे?"

मी म्हटलं, घाम. बेस गिटारच्या तारा जाड असतात, त्यांच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्या खाचांत माझ्या हाताचा घाम जाऊन बसतो. तारा काळ्या पडतात आणि आवाज जातो. पंधरा वर्षांत हे त्यांना पन्नासदा सांगून झालंय.

"घाम आहे की तेजाब?"

केयूर हसला. चोवीस वर्षांचा आहे, की-बोर्ड वाजवतो, त्याला कशाचंही हसू येतं.

मग मुद्द्याचं बोलले. पंधरा डिसेंबरला आमच्या वाद्यवृंदाला पंचवीस वर्षं होतायत. नाट्यगृह ठरलंय. तोपर्यंत दर रविवारी त्यांना एकच आवाज हवा. घंटा तर घंटा, गादी तर गादी. ते जमणार नसेल तर केयूरचा डावा हात मोकळाच असतो, बेस तो की-बोर्डवर वाजवेल.

पंधरा वर्षं मी उभी राहून दोन्ही हातांनी वाजवतेय. हा बसून, एका हातानं!

९ ऑक्टोबर

ऑफिसातली नम्रता महिनाभर अमेरिकेत आहे, रविवारी येते. तिला मेल टाकली — बेस गिटारच्या कोटेड तारा आण, चारचा सेट. तारेवर प्लॅस्टिकसारखा पातळ थर असतो म्हणे. घाम आत जात नाही, महिनोन् महिने टिकतात.

तिचं उत्तर: चॉकलेट नको?

१५ ऑक्टोबर

तारा आल्या. पाकिटात पत्रक. सहा भाषा, एकीतही धड वाक्य नाही. आधी लिहिलंय तार कापा. त्याखाली बारीक अक्षरांत, कापण्यापूर्वी ती वाकवून घ्या, नाहीतर आतली तार सरकेल. ई, ए, डी, जी या चार तारांपैकी ई थोडक्यात बचावली. मराठीत एम. ए. करून मी दिवसभर सॉफ्टवेअरची इंग्रजी माहितीपुस्तकं लिहिते. ती कोणी वाचत नाही. पण कापण्याआधीचं मी कापण्याआधी लिहिते.

ऑगस्टमध्ये ऑफिस वाघोलीला हललं. कंपनीची बस कर्वेनगरहून सकाळी सव्वासातला. जायला पावणेदोन तास, यायला दोन. आज तारा बसवून होईपर्यंत आईनं पानं वाढली होती.

१६ ऑक्टोबर

हात सटकतो. ओल्या साबणावरून बोट जावं तसं. तार हातात आहे असं वाटतच नाही. तार आणि मी, मध्ये कोणीतरी तिसरं.

२१ ऑक्टोबर, दसरा

तालीम नाही. आईनं गिटारला झेंडूचा हार घातला, हळदकुंकवाची बोटं पुढे केली. मी ओरडले, तारांना नको!

"लाकडाला लावते हो. तुझ्या तारा सोवळ्यात आहेत."

२८ ऑक्टोबर, रविवार

कोटेड तारांवर पहिली तालीम. अनंतराव डोळे मिटून ऐकत होते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यांनी डोळे मिटले की चूक सापडली समजायचं. म्हणाले, आवाज बसलेला नाही, पण रजई पांघरून बोलल्यासारखा आहे. केयूर म्हणाला, "ताई, मला तर बरा वाटला." ते जास्त लागलं.

परत साध्या लावाव्यात तर पंधरा डिसेंबरपर्यंत पाच वेळा बदलाव्या लागतील, पाच वेळा वेगळा आवाज. कोटेडच ठेवाव्यात तर रजई. आता करायचं काय?

२९ ऑक्टोबर

कँटीनमध्ये नम्रताला सगळं सांगितलं. ती टेस्टिंगमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. पोळी मोडत तिनं निकाल दिला. "तुलना कशाशी करतेयस? आठवणीशी? दोन कोटेड ठेव, दोन साध्या लाव. दोन्हींना रोज सारखीच चाचणी. आणि लिहून ठेव. मनात ठेवू नकोस."

हे पटलं. कित्येक दिवसांत कोणी मला पटण्यासारखं बोललं नव्हतं.

३ नोव्हेंबर, शनिवार

बुधवार पेठेत जाऊन आले. बद्रीनाथांच्या वाद्यांच्या दुकानातून साधी डी आणि साधी जी आणली. ई आणि ए कोटेडच.

पद्धत ठरवली. हात धुवायचे, पुसायचे. प्रत्येक तार पाचदा मोकळी, पाचदा दाबून. नाद किती वेळ टिकतो, तार कशी दिसते, दहापैकी गुण. मग फडक्यानं पुसून पिशवीत. सगळं मिळून दहा मिनिटं. बसमधून उतरून आल्यावरही जमण्यासारखं आहे. वहीत तक्ता आखला.

आज: ई ७, ए ७, डी ९, जी ९.

५ नोव्हेंबर

७, ७, ९, ९.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

७, ७, ९, ९. फराळाचे हात दोनदा धुतले. दिवाळीचे दोन्ही रविवार तालीम नाही. ते बरंच झालं, चाचणीत व्यत्यय नको.

१४ नोव्हेंबर

बारावा दिवस. साध्या तारा आतापर्यंत काळ्या पडायला हव्या होत्या. पडल्या नाहीत! डी चकचकीत. जी तर दुकानातून आजच आणल्यासारखी. नम्रताला सांगितलं. ती म्हणाली, हवा कोरडी झाली असेल. हवा कोरडी! माझ्या हातांनी जानेवारीत तारा खाल्ल्या आहेत.

१८ नोव्हेंबर, रविवार

तालीम बुडाली. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उद्या बाहेर पडतेय, सगळ्यांना बोलावलं. माहितीपुस्तकातलं एकशे चाळिसावं पान मी चौथ्यांदा लिहिलं. अनंतरावांना फोन केला. ते म्हणाले, "आजारी कोण आहे? तुम्ही की तार?"

घरी आल्यावर चाचणी केली. ७, ७, ९, ९. आता या आकड्यांचाच संताप येतो.

२० नोव्हेंबर

आई म्हणाली, "हल्ली मांडणी वाजत नाही."

मी बेस वाजवायला लागले की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरतात. पंधरा वर्षं तिची तक्रार आहे. सगळ्यात जाड तार, ई, तिनं ती जास्त वाजतात. आता ई कोटेड. म्हणजे रजईचा पुरावा मिळाला. वहीत नोंद केली: ताटं — नाही.

"चांगल्या आहेत हो तुझ्या नव्या तारा," आई म्हणाली. तिला शांतता आवडली असावी. तसं म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

२५ नोव्हेंबर, रविवार

वाईट तालीम. वही घेऊन गेले होते. प्रत्येक गाण्यानंतर विचारलं, डी ऐकू आली का, ए कशी वाटली. तिसऱ्या गाण्यानंतर अनंतराव म्हणाले, "ती वही मिटा."

चौथ्या गाण्यात समेवर उशिरा आले. बोट सरकलं. आणि सरकलं साध्या डीवर, कोटेडवर नव्हे! सहाव्यात परत. बारा वाजेपर्यंत बोटांची टोकं हुळहुळायला लागली, तार धरवेना. कोटिंगमध्ये काहीतरी रसायन असणार. पत्रकात त्याचा उल्लेख नाही. अर्थात नाही.

निघताना केयूर चप्पल घालत घोटाळला. डाव्या हातानं दोन गाणी बसवून ठेवायला त्याला सांगितलंय. "अनंतकाका म्हणाले, नुसती तयारी म्हणून, ताई."

नुसती तयारी!

२८ नोव्हेंबर

७, ७, ९, ९. पंचवीस दिवस झाले. या साध्या नव्हेतच. बद्रीनाथांनी मला साध्या म्हणून कोटेड दिल्या आहेत. सगळी चाचणी पाण्यात गेली. शनिवारी जाऊन विचारणार.

१ डिसेंबर, शनिवार

गेले. गिटारही नेली. दुकानात बासरी घ्यायला आलेले एक गृहस्थ होते, ते सगळं ऐकत थांबले.

बद्रीनाथांनी डी बघितली, नखानं घासली. साधी आहे म्हणाले. मग विचारलं, तक्रार काय?

काळी पडत नाही.

त्यांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं झाली मला या काउंटरवर. तार गंजत नाही म्हणून भांडायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

बासरीवाले हसले. मी वही काढली. पद्धत समजावून सांगितली, तक्ता दाखवला. त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत. वही बंद करून मला परत दिली.

"बोट आपटा इथं," ते म्हणाले. काउंटरच्या काचेवर.

मी तर्जनी आपटली.

"परत."

परत आपटली. काच वाजली नाही. पूर्वी यायचे तेव्हा मी त्याच काचेवर बोटं वाजवत उभी राहायची. ते आतून तार शोधत असायचे आणि म्हणायचे, आलो, आलो, नाणं आपटू नका. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं दगडासारखी होती.

"तार चांगली आहे," ते म्हणाले. आणि बासरीवाल्यांकडे वळले.

घरापर्यंत चालत आले. खांद्यावर गिटार. दहा मिनिटं रोज, त्यातली निम्मी पुसण्यात. त्याआधी ऑगस्टपासून किती? कार्यक्रम आणि तालमी सोडल्या तर बसनं घरी यायचं, पिशवीकडे बघायचं, जेवायचं. ऑक्टोबरमध्ये ज्या तारा अकरा दिवसांत गेल्या, त्या गणपतीच्या कार्यक्रमांनंतर बदलल्या होत्या. गणपतीची सवय होती तोवर त्यांच्यावर मी शेवटचं खरं वाजवलं. त्यानंतर तपासलं.

आईनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, तार चांगली आहे.

२ डिसेंबर, रविवार

तालमीच्या आधी गेले. तालीम होते त्या शाळेच्या वर्गात अनंतराव एकटेच बाकं सरकवत होते. मी एका बाकाचं दुसरं टोक धरलं. बाक ठेवून झाल्यावर सांगितलं. बसचं, दहा मिनिटांचं, बोटांचं.

मला वाटलं, काहीतरी कडवट बोलतील. मी त्याची तयारीही केली होती.

"मला गेल्या रविवारीच कळलं," ते म्हणाले. "तारा बऱ्या होत्या हो. हात नव्हता. पंधराला केयूर वाजवेल."

तेरा दिवस आहेत, म्हटलं.

"मी गणित शिकवलंय, जयाबाई."

केयूर आला तेव्हा हसला नाही. मी त्याला दोन ठिकाणं सांगितली, जिथं बेसनं थांबायचं असतं. त्यानं कागदावर लिहून घेतली.

३ डिसेंबर

चाचणी नाही.

६ डिसेंबर

पहाटे पाचला उठले. बसच्या आधी दीड तास मिळतो. तो ऑगस्टपासून तिथंच होता.

१० डिसेंबर

दोन फोड. एक फुटला. चिकटपट्टी लावून माहितीपुस्तक लिहिलं. नम्रतानं विचारलं, चाचणीचं काय झालं? निकाल लागला म्हटलं.

१५ डिसेंबर, शनिवार

आठव्या रांगेत बसले, आईबरोबर. केयूरच्या डाव्या हातानं एकही चूक केली नाही. दोन्ही ठिकाणी थांबला. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज. घंटाही नाही, गादीही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

अनंतरावांनी जुन्या कलाकारांची नावं वाचली, त्यात माझं होतं. जुन्या!

रिक्षात आई म्हणाली, "तुझा बेस असला की खुर्चीत कळायचा. पायाखाली."

२३ डिसेंबर, रविवार

सकाळी तीन तास. फोडांखालची कातडी जाड होतेय. मधेच स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. उठून बघितलं. ताट मांडणीवरून सरकत सरकत खाली आलं होतं. कोटेड ईनं!

आईनं ते उचललं, धुतलं, परत लावलं. तक्रार केली नाही.

६ जानेवारी २००८, रविवार

जी काळी पडली. नखानं खरवडून पाहिली. जात नाही.