नट बॅचमधलेच हवेत

७ जुलै
तिसरं सेमिस्टर सुरू. मी शांत आहे. गेल्या वर्षी या लोकांबद्दल जे काही वाटायचं ते आता वाटत नाही. हेमांगी वर्गात दोनदा मोठ्याने हसली, तेवढ्यापुरतं वाटलं.

परफॉर्मिंग आर्ट्सचा हा मास्टर्स कसा रचलाय ते एकदा लिहून ठेवते. ज्यांनी रचला त्यांनी बहुतेक कधी लिहून पाहिलेलं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं करायचं: आवाज, शरीर, रंगभूषा, प्रकाश. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. गेल्या वर्षी एक अख्खी सकाळ मी म्हैस होऊन चालले. त्याला क्रेडिट होते. तिसऱ्या सेमिस्टरला प्रत्येकाने एक छोटा प्रवेश बसवायचा. त्यातून दोघं निवडले जाणार. चौथ्या सेमिस्टरला ते दोघं पूर्ण नाटक दिग्दर्शित करणार आणि उरलेले दहा त्यांच्या हाताखाली.

कॅलिब्रेशन लॅबमधली नोकरी मी हाताखाली राहायला सोडलेली नाही. तिथे प्रेशर गेज खरं बोलतोय की नाही ते मी ठरवायचे. दिग्दर्शन म्हणजे तेच, गेजच्या जागी माणूस. बाबांना असंच सांगितलंय. लॅबमध्ये निरोपाच्या केकसमोरही असंच सांगितलं होतं. तेव्हा दोघांत माझं नाव असणार. दुसरं कोणाचंही असो.

नियम: नट बॅचमधलेच हवेत. कोणी कोणाच्या प्रवेशात काम करायचं ते विभाग ठरवत नाही. आमचे विभागप्रमुख नीरज सर म्हणाले, ते तुमचं तुम्ही जमवा. मी म्हणाले, सर, याला सिस्टिम म्हणत नाहीत. ते म्हणाले, नाही म्हणत.
मुद्दा पटला त्यांना.

९ जुलै
दुसऱ्याच्या प्रवेशात काम केलं तर मार्क किती? शून्य. माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय. बाकीच्यांनी ती वाचलेली नाही, कारण सकाळपासून नुसता बाजार भरलाय. तू माझ्यात ये, मी तुझ्यात येते. हेमांगीने पाच जणांना होकार दिलाय. स्वतःचं कधी करणार?

दिव्याने मला विचारलं, माझ्या प्रवेशात सासू करशील का, तुला काही करावं लागणार नाही, नुसती बघ. नाही म्हणाले. हेमांगीने शेजारणीची भूमिका विचारली. नाही. उत्तनचा हृतिक जेवता जेवता म्हणाला, रुचिता, माझ्यात येशील काय गो, मावशी हाय एक, दोनच वाक्यं. त्याला कारणासकट नाही म्हणाले: जे काम मोजलं जात नाही ते मी करत नाही. तो म्हणाला, बरं. आणि माझ्या डब्यातली भेंडी घेतली.

संकल्प: ऊर्जा वाचवणे. माझं काम दिसलं की लोक आपोआप येतील.

१६ जुलै
संहिता पूर्ण. स्वतः लिहिली. नाव 'मोजमाप'. सात पात्रं. प्रत्येकाची प्रत्येक हालचाल सेंटिमीटरमध्ये दिली आहे, म्हणजे नटाला विचार करायचा त्रास नाही. नटांना हे आवडेल.

आज गाळा झाडायची माझी पाळी होती. आमचा तालमीचा हॉल म्हणजे हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला भाड्याचा गाळा. जो तालीम घेणार त्याने आधी झाडू मारायचा, अशी इथली पद्धत. सरांना विचारलं, याचे क्रेडिट कुठे आहेत? म्हणाले, झाडताना जागा कळते. जागा मी लेझर मीटरने मोजून घेतली आहे. कळली आहे. झाडू हृतिकने मारला.

२१ जुलै
ग्रुपवर सूचना टाकली: 'मोजमाप'साठी ऑडिशन, रविवारी सकाळी दहा. अर्धं पान पाठ करून यावे. उशिरा येणाऱ्यांचा विचार होणार नाही.
सगळ्यांनी पाहिली. निळ्या टिक्स आल्या. प्रतिसाद चांगला आहे.

२७ जुलै
दहा वाजता मी, टेबल, पाण्याची बाटली. सव्वाअकराला हृतिक आला. त्याची छत्री राहिली होती. मी म्हणाले, आलाच आहेस तर वाच. त्याने वाचलं. वाईट नाही. पण 'नाही'चं 'न्हाय' होतं आणि बसताना खुर्ची सरकली. दोन्ही चुका तिथल्या तिथे दाखवल्या. तो म्हणाला, बाय गो, तुझ्या नाटकात श्वास घ्यायला पण परवानगी लागंल. हसला आणि छत्री घेऊन गेला.
बाकीचे आले नाहीत. ऑडिशनची भीती. या लोकांना नकार पचत नाही.

३ ऑगस्ट
आईने विचारलं, तू कोणाकोणाच्या नाटकात आहेस? म्हणाले, कोणाच्याच नाही, मी दिग्दर्शक आहे. मग तुझ्यात कोण आहे? म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. आई आमच्या सोसायटीतल्या बायकांची भिशी चालवते. म्हणाली, अगं, ही भिशीच की. भरलीच नाहीस तर उचलणार काय? बाबा पेपरामागून म्हणाले, मनोरमा, ती इंजिनिअर आहे, तिला कुठली भिशी कळतेय.
आईला उच्चशिक्षणाची रचना समजावणं अवघड आहे. बाबा माझ्या बाजूने बोलले असावेत.

८ ऑगस्ट
उपाय सापडला. प्रश्न माणसांचा नव्हताच, नियोजनाचा होता. अख्ख्या बॅचचं तालमींचं वेळापत्रक करून शीट ग्रुपवर टाकली. कोणाची कोणाशी टक्कर नाही. 'मोजमाप'चे सातही नट सकाळच्या वेळी, ताजे.
दिव्याने लिहिलं, यात तू कोणाच्याच प्रवेशात नाहीस गं. मी लिहिलं, मी समन्वयक आहे. तिने लिहिलं, समन्वयकबाई, आमचं ठरून महिना झाला.
एकाने अंगठा दिला. हृतिकने. मग काढून घेतला. चुकून दाबला गेला म्हणे.
नोंद: मला राग आलेला नाही. शीट उत्तम आहे.

२० ऑगस्ट
सरांना विचारलं, बाहेरचा नट चालेल का? आमच्या सोसायटीचा वॉचमन दशरथ सांगितलेल्या जागी तासन्‌तास उभा राहतो. हा गुण बॅचमध्ये एकातही नाही. सर म्हणाले, नट बॅचमधलेच हवेत. अकरा जणांतलं एकही मिळत नाही? मी म्हणाले, दर्जाचा प्रश्न आहे. सर चहा प्यायले. बराच वेळ प्यायले. मग म्हणाले, रुचिता, तू एकदा तरी कुणाची तालीम बघायला बसलीस का? मी म्हणाले, सर, माझी तालीम नसताना मी कशाला येऊ?
ते कप विसळायला उठले. मुद्दा पोचला.

२६ ऑगस्ट
निर्णय, पूर्णपणे कलात्मक. सात पात्रं ही सवय होती. चार पुरेत.

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं बनतात. पत्रा दाबायचा प्रेस पडला की आमच्या खिडक्या थरथरतात. मालक पिंटूभाईंकडे गेले. हिंदीत, सभ्यपणे, डेसिबलचा आकडा देऊन सांगितलं की तालमीच्या वेळी प्रेस बंद ठेवा. ते म्हणाले, बेन, आप अपना नाटक करो, मेरे को मेरा ढक्कन करने दो. हेमांगीच्या तालमीला मात्र प्रेस बंद असतो. कारण विचारलं तर म्हणाले, वो तो अपनी हेमू है, लडके लोग के साथ बैठ के खाना खाती है.
याला भ्रष्टाचार म्हणतात.

१० सप्टेंबर
चारही जास्त होते. दोन. आशय घट्ट झालाय.

दिव्याला सांगितलं, तुझी निवड झाली आहे. ती म्हणाली, कशात? सांगितलं. ती म्हणाली, अगं, मी आधीच एवढ्या जणांत अडकलेय, माझ्या स्वतःच्या तालमीला मी उशिरा जातेय. जुलैत बोलली असतीस तर. मी म्हणाले, जुलैत तू बोलली होतीस. ती म्हणाली, हो ना.
मग ती तालमीला पळाली. तिला पश्चात्ताप झाला असावा.

१५ सप्टेंबर
नट हा नाटकातला सर्वांत बेभरवशाचा घटक आहे. उशिरा येतो, दुसऱ्याची भेंडी खातो, खुर्ची सरकवतो. 'मोजमाप' आता बिननटाचं. एक खुर्ची, प्रकाश आणि माझा रेकॉर्ड केलेला आवाज. हे धाडस आमच्या विभागात कोणी केलेलं नाही.

लाइट आणि साउंड चालवायला माणूस लागतो असं हेमांगी म्हणाली. नाही लागत. मायक्रोकंट्रोलर प्रोग्राम केला. एक बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. घरी चाचणी घेतली, निर्दोष. आईने विचारलं, खुर्ची कोण नेणार? मी.

८ ऑक्टोबर
परीक्षा. बाहेरून परीक्षक म्हणून उर्मिलाताई आल्या होत्या. अनुभवी वाटल्या, म्हणजे काही नवीन कळणं कठीण.

हृतिकचा प्रवेश माझ्या आधी. उशिरा सुरू झाला. मध्येच एकीच्या हातून टोपली सांडली, ती तशीच वेचत राहिली, वेचता वेचता तिचं वाक्य म्हणाली आणि हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. तांत्रिकदृष्ट्या कच्चं काम. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती.

मग मी. बटण दाबलं. खुर्चीवर प्रकाश. माझा आवाज म्हणाला, इथे सगळं जागेवर आहे. पहिला बदल अचूक, दुसरा अचूक. तेवढ्यात शेजारी प्रेस पडला, व्होल्टेज खाली गेलं, कंट्रोलर रीसेट झाला. पुन्हा खुर्चीवर प्रकाश. इथे सगळं जागेवर आहे. पुन्हा प्रेस. इथे सगळं जागेवर आहे. कंट्रोलर बॅटरीवर ठेवायला हवा होता हे मला माहीत आहे. पण पिंटूभाईंना मी परीक्षेची वेळ लेखी दिली होती.

पाचव्या वेळेला मागच्या रांगेतून माझ्या आवाजाबरोबर बाकीचेही ते वाक्य म्हणायला लागले. हेमांगी उठून बाहेर गेली. प्रेस थांबला. मी तिला जायला सांगितलं नव्हतं. तोवर वेळ संपली होती.

उर्मिलाताईंनी विचारलं, नट आता येणार आहेत का? मी म्हणाले, नाही, हेच नाटक होतं. त्या म्हणाल्या, अच्छा. थोड्या वेळाने म्हणाल्या, खुर्ची छान आहे.

१४ ऑक्टोबर
हेमांगी आणि हृतिक.

मला प्रकाशाचे मार्क चांगले. संकल्पनेचे ठीक. 'नटांबरोबरचं काम' या रकान्यात आडवी रेघ. शून्य नाही, रेघ. म्हणजे त्यांना ते मोजता आलं नाही. ही उपकरणाची मर्यादा.

बाबांनी विचारलं, काय झालं मग तुमचं? म्हणाले, निकाल प्रक्रियेत आहे. आईने माझ्यासाठी न सांगता थालीपीठ लावलं. भूक नव्हती. दोन खाल्ली.

१५ ऑक्टोबर
विचार केला. दिग्दर्शक होणं हे तसं प्रशासकीय काम आहे. खरी मागणी चौथ्या सेमिस्टरला चांगल्या माणसांना असते. दोघांना अचूक माणूस लागणार. त्यांच्यात माझ्यावरून वाद होऊ नये म्हणून मी आधीपासूनच तटस्थ राहणार आहे.

५ जानेवारी
चौथं सेमिस्टर. माणसं वाटायची पद्धत अशी: दोघे दिग्दर्शक गाळ्याच्या मधोमध उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक नाव घेतात. गल्लीत क्रिकेटच्या टीम पाडतात तसं. पदव्युत्तर शिक्षण.

मी दोघांनाही नीट दिसेन अशा जागी उभी राहिले. हेमांगीने पहिलं नाव दिव्याचं घेतलं. दिव्या ओरडत तिच्या गळ्यात पडली. हृतिकने एक घेतलं. मग ती, मग तो. माझ्या बाजूचे एकेक जण निघून समोर जायला लागले. हेमांगीने पाचवं नाव घेतल्यावर सर टाळ्या वाजवून म्हणाले, चला, झालं. मी म्हणाले, सर, झालं? ते म्हणाले, हो, तू हृतिककडे, दुसरीकडे जागाच कुठे आहे.

दहावं नाव घ्यायची गरजच पडली नाही. माझ्या निवडीला कोणीही विरोध केलेला नाही.

१२ जानेवारी
आज हृतिकच्या नाटकाचं पहिलं वाचन. वरसाव्याच्या पुलावर भर दुपारी एक बस बंद पडते आणि आतली माणसं भांडायला लागतात, असं काहीतरी. मोजून लिहिलेलं नाही. त्याला मी सूचनांची तीन पानं दिली. त्याने घेतली, वर चहाचा कप ठेवला.

ड्रायव्हर तो स्वतः करतोय. कंडक्टर, नवरा, बायको, आजारी बाई, चौघांना चार भूमिका. मी विचारलं, मी कोण? तो म्हणाला, गर्दी. पुलावर बघायला गर्दी जमती ना, ती. मी विचारलं, आणखी कोण आहे गर्दीत? तो म्हणाला, न्हाय गो, बाकी सगळे बसमध्ये हायत.

मी त्याला समजावलं की एका माणसाला गर्दी म्हणत नाहीत. तो म्हणाला, आता हायस तेवढी हायस, जमव.

तालीम वेळेच्या पाऊण तास उशिरा सुरू झाली. बसमधल्या पाचांचं भांडण पहिल्याच दिवशी रंगलं. मला वाक्य नाही. भांडण नीट दिसावं म्हणून मी एक पाऊल पुढे गेले. सर मागून म्हणाले, हृतिक, गर्दी मध्ये येतेय.

हृतिक म्हणाला, गर्दी, जरा मागे.

मी मागे सरकले.