तीन नंबरच्या घणावरची शिफ्ट

सोमवार, ४ सप्टेंबर

आले एकदाची! खोली छोटी पण फार गोड आहे. खिडकीतून नदी दिसते, पलीकडे झाउअरलांडच्या काळसर टेकड्या. घरमालकिणीने टेबलावर आलुबुखाराचा केक पातळ फडक्याखाली झाकून ठेवला होता. या वयात नवं गाव, नवी किल्ली, नवी उशी! कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी ट्रंक उघडताना जसं वाटलं होतं, तसंच काहीसं आज वाटलं.

ब्रेकरहोफांचा कारखाना दरीच्या तळाशी आहे. तापलेलं लोखंड पुरुषभर उंचीच्या यांत्रिक घणाखाली घालून क्रेनचे आकडे घडवतात. माझं काम तळघरातले जुने सर्व्हर बंद करून ऑर्डरी, साठा, पगार, शिफ्टा, सगळा कारभार क्लाउडवर हलवण्याचं. मुदत महिनाअखेरची. मालकीणबाई, म्हणजे धाकट्या ब्रेकरहोफ, तरतरीत आणि घाईच्या आहेत. म्हणाल्या की बाबांच्या काळचा एक कागदही हरवता कामा नये, पण एक दिवसही उशीर नको.

फोरमन एवाल्ड क्निपिंगने मला सगळा कारखाना हिंडून दाखवला. भल्या थोरल्या अंगाचा, लाल गालांचा माणूस. भर हॉलमध्ये ओरडून म्हणाला की ह्या बघा ढगवाली बाई, आपले घण ढगात नेणार आहेत, तेव्हा बायकांना सांगून ठेवा, रविवारी चर्चला जाताना लोखंडी छत्री घ्या. सगळे हसले. मीही हसले. हे नाव आता मला चिकटणार.

गुरुवार, ७ सप्टेंबर

आज शिफ्ट बदलताना पाहिली. घण चालू असताना स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून इथे बोलून काही होत नाही. नवा गडी मागून येतो आणि कामावरच्या गड्याच्या उजव्या खांद्यावर पंजा ठेवतो. तो पंजा पडला की जुना गडी मागे न बघता बाजूला होतो आणि नवा त्याच्या जागी उभा राहतो. पंजा पडेपर्यंत कोणी जागा सोडत नाही. भट्टी पेटलेली असते, लोखंड तापलेलं असतं, ते टाकून जायचं नसतं. मी एवाल्डला विचारलं की बदलीचा माणूस आलाच नाही तर? तो म्हणाला, मग उभं राहायचं, बाई. आणखी काय?

नंतर भिंतीवरच्या पडद्यावर नवा गडी ‘घेतली’ असं बटण दाबतो. एवाल्डच्या मते ते सगळं तुम्हा ऑफिसवाल्यांच्या समाधानासाठी.

मला सिस्टर इर्मेनगार्ड आठवल्या. संध्याकाळच्या अभ्यासाला त्या बाकांमधून अशाच फिरायच्या. खांद्यावर त्यांचा हात पडला की वही मिटून खेळायला जायचं. किती हलका हात होता त्यांचा!

शुक्रवार, १५ सप्टेंबर

काम नीट चाललं आहे. दुपारी कॅन्टीनमध्ये एल्फ्रीडे श्टुटे वाढायला असते. माझ्याच वयाची, बारीक, सतत पुटपुटणारी. शुक्रवारी ती पोटहुके करते, किसलेल्या बटाट्याची भाजलेली वडी. करपलेल्या कडेचा एक तुकडा ती दर वेळी बाजूला काढून ठेवते. शेजारचे म्हणाले, तो हाइनरचा. हाइनर तिचा नवरा. एवाल्डची दाढी काळी होती त्या काळात तो तीन नंबरच्या घणावर उभ्या उभ्या मेला. तेव्हापासून त्या घणावर ताडपत्री आहे. मालकांनी तो विकलाही नाही आणि चालवलाही नाही.

जुन्या सर्व्हरवर हाइनरची ती शिफ्ट अजून उघडीच आहे. पुढे ‘घेतली’ असं कोणीच म्हटलेलं नाही. मी एवाल्डला दाखवलं. पहिल्यांदाच त्याने थट्टा केली नाही. म्हणाला, बाई, बाकी हवं ते झाडून न्या, पण ह्या एकाला हात लावू नका. त्याचं मी बघतो. ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होतोय, त्याआधी बघतो.

मी शब्द दिला.

शनिवार, ३० सप्टेंबर

झालं. सगळं वर गेलं. कॅन्टीनमध्ये फसफसती वाइन उघडली, मालकीणबाईंनी मला मिठी मारली.

हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. नवी यंत्रणा उघड्या शिफ्टा स्वीकारत नाही. प्रत्येक शिफ्ट कोणीतरी घेतलेली असावी लागते. वर्षानुवर्षांच्या विसरलेल्या शेकडो नोंदी होत्या. त्या सगळ्या मी एकाच आज्ञेने मिटवल्या, घेणारीच्या जागी माझं नाव घालून. आमच्या धंद्यात असंच करतात. हाइनरची नोंद वगळायची होती. एक ओळ जास्त लिहायची होती, इतकंच. पण मालकीणबाई कोट घालून मागे उभ्या होत्या, झालं का, झालं का म्हणत. एका फोरमनच्या हळवेपणासाठी कारखाना खोळंबलाय, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. मी आज्ञा चालवली.

नंतर एवाल्डने विचारलं, आमची ती तशीच आहे ना, बाई? मी हो म्हटलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

सोमवार, २ ऑक्टोबर

हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर कोण कोणत्या घणावर आहे ते दिसतं. तीन नंबरपुढे लिहिलं होतं: टेरहोर्स्ट, मेश्टिल्ड. माझं नाव.

मी पुसलं. दोन वाजता शिफ्ट बदलायची वेळ झाली आणि ते परत आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. तीन नंबरचा माणूस मोकळा होत नाही तोवर सकाळची शिफ्ट बंद होत नव्हती आणि दुपारची सुरू होत नव्हती. भट्ट्या पेटलेल्या, माणसं हातावर हात ठेवून उभी. एकजण ओरडला की ढगवाली बाई, या की मग, चिमटा घ्या, लोखंड गार होतंय. शेवटी त्यांनी पडद्याकडे दुर्लक्ष करून काम सुरू केलं.

मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, ही चूक कोणाची? मी म्हणाले, जुन्या नोंदी फोरमनने वेळेवर साफ केल्या नव्हत्या.

माझ्या तोंडून किती सहज आलं ते! एवाल्डला लेखी ताकीद मिळाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीतली पहिली, आणि तीही शेवटच्या महिन्यात. तो टोपी हातात घेऊन उभा होता. आधी पडद्यावरच्या माझ्या नावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. टोपी घालून तो कामाला गेला.

बुधवार, ४ ऑक्टोबर

उजव्या तळहाताला वास येतोय. यंत्राचं तेल, आणि घामाने भिजून वाळलेली लोकर. साबण, लिंबू, सोडा, काही चालत नाही. आणि तो हात गरम आहे. ज्याच्या खांद्यावर मी कधी हात ठेवलाच नाही, त्याच्या खांद्याची ती ऊब आहे.

डाव्या कानात दडा बसलाय. इथल्या म्हाताऱ्या गड्यांना असतो तसा.

दोन वाजता मी मालकीणबाईंच्या खोलीत बैठकीला बसले होते. भान आलं तेव्हा हॉलमध्ये ताडपत्रीपाशी उभी होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी तपासायला आले, असं खोटंच सांगितलं.

हल्ली खोटं फार पटकन सुचतं मला.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आज एल्फ्रीडेने करपलेला तुकडा बाजूला काढला नाही. मी कारण विचारलं नव्हतं, पण तीच वाकून कानाशी आली. गाल मुलीसारखे फुललेले. म्हणाली, कोणाला सांगू नका हं, आमचे हे घरी आलेत. शनिवारी दाराशी त्यांचे बूट दिसले, आणि हे आपले स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेले. दमलेत हो फार. बोलत नाहीत, जेवतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. एवढंच म्हणाले की कोणीतरी बाई होती, मऊ हाताची. असला हात घणावर टिकायचा नाही.

मग तिने माझा उजवा हात उचलला, हुंगला आणि गालाला लावला. म्हणाली, देव तुमचं भलं करो, बाईसाहेब.

मी हात काढून घेतला. मागे फिरून पाहिलं तर ती अजून हसतच होती.

सोमवार, ९ ऑक्टोबर

ती नोंद परत उघडायचा प्रयत्न केला. उघडली तर एल्फ्रीडेच्या नवऱ्याला पुन्हा घणावर जावं लागेल, हे मला ठाऊक होतं. तरीही केला, हे इथे लिहून ठेवते.

जुने सर्व्हर गेले. नियमाप्रमाणे त्यांच्या तबकड्यांचा भुगा केला, आणि त्या आदेशावर सही माझीच. शेवटची एक प्रत क्लाउडवर होती. ती पूर्ववत करायला घेतली, अर्ध्यावर आली आणि अडकली. मी पुन्हा पुन्हा करत राहिले.

एल्फ्रीडे धावत वर आली. एप्रनला पीठ तसंच. म्हणाली, हे सकाळपासून सारखे उठतायत, बूट चढवतायत, काढतायत, पुन्हा चढवतायत. रडतायत हो. तुम्ही काही करताय का? नका करू. मी तुमच्या पाया पडते.

मी म्हणाले, छे, मी काही करत नाहीये. पडदा तिच्याकडे पाठमोरा होता.

ती गेल्यावर मी आणखी एकदा केलं. नाही जमलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

शेवटी एवाल्डकडे गेले. सगळं सांगितलं, ताकीद माझ्यामुळे मिळाली तेही. त्याने माफ केलं नाही आणि रागही केला नाही. म्हणाला, बाई, ती शिफ्ट माझी होती. हाइनरला सोडवायला मी जायचं होतं. शूत्सनफेस्टच्या जत्रेचा सोमवार, गावभर बँड, मी तंबूत बिअर पीत बाकावर चढून गात होतो. मनात म्हणालो, हाइनर काय, उभा राहील. राहिला. त्याची शिफ्ट संपली, माझी संपली, तरी राहिला. मी गेलो तेव्हा तो उभाच होता, चिमटा हातात. मी खांद्यावर हात ठेवला तर खांदा गार. मी ‘घेतली’ दाबलं नाही. तिथून पळालो. निवृत्तीच्या दिवशी जाऊन घेणार होतो, काय व्हायचं ते होवो म्हणून. तुम्ही मधेच कडमडलात.

म्हणाला, द्या आता माझी मला. कोऱ्या चेहऱ्याने म्हणाला. त्याच्या टेबलावर कॅरव्हॅनची चित्रं होती. तो आणि बायको वसंतात नॉर्वेला जाणार आहेत. मी नाही म्हटलं. त्या क्षणी मनापासून म्हटलं.

खोलीवर आल्यावर यंत्रणा उघडली. ‘कोणाकडे सोपवायची?’ असं विचारत होती. मी त्याचं नाव टाइप केलं. पूर्ण केलं. मग घरमालकिणीने दार वाजवलं, कॉफी घेणार का म्हणून. तेवढ्यात पडदा बंद झाला.

माझ्या सदसद्विवेकाने नाही थांबवलं. कॉफीने थांबवलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

सकाळी इथे आले. ताडपत्री काढलेली आहे. मी काढली असावी, नखं मोडली आहेत.

घण चालू आहे. कोणी चालू केला नाही. माझ्या डाव्या हातात चिमटा. वही यंत्राच्या कठड्यावर ठेवून उजव्याने लिहिते आहे. गडी लांब उभे आहेत, त्यांची तोंडं हलतायत, मला काही—

मालकीणबाई आल्या होत्या. बाही धरून ओढलं. पाय निघत नाहीत. त्या रडत होत्या बहुतेक.

पाठ. खांदे. हाइनर एवढा वेळ कसा—

एल्फ्रीडे दारात येऊन गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच आहे. मी सुटले तर तिचं घर रिकामं होईल, असं तिला वाटतंय. तसं नाही. कोणीतरी इथे उभं असलं की झालं. कोणीही.

नको. कोणी यायचं नाही. ही मी घेतली आहे. माझ्या नावावर आहे. माझ्या खोट्यापायी एका म्हाताऱ्याची मान खाली गेली, तेवढं पुरे. दोन वाजता कोणी जवळ आलं तर ओरडून सांगायचं, मागे फिरा. निदान हे एक तरी धड—

दोन वाजत आले.

कोणीतरी येतंय. घणाच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत, पण फरशी हलते. भल्या थोरल्या अंगाचं कोणीतरी.

ओरडायला हवं.

पंजा पडला. उजव्या खांद्यावर. गरम, जड. किती बरं वाटलं, देवा, किती— पाय मोकळे झाले. चिमटा कोणीतरी हातातून काढून घेतोय. वळून बघायला हवं कोण ते. वळले तर नको म्हणावं लागेल, म्हणून मी वळत नाही, वही घेऊन सरळ दाराकडे, मागे न बघता, मी फक्त—