बंदरावर अडवलेलं इन्सुलिन

४ मे
अडवलाच माल! परदेशातून इन्सुलिन आलं — एकशे ऐंशी खोकी. कागद चोख, शिक्के जागच्या जागी. पण वाटेतलं तापमान टिपणारं एक यंत्र खोक्यांसोबत असतं, त्याची नोंद काढून पाहिली. सलग सहा तास शून्याच्या खाली! म्हणजे औषध गोठलं होतं. वितळल्यावर कुपी वरून ठीकच दिसते, पण औषधाचा गुण गेलेला असू शकतो. टोचून घेणाऱ्याला वाटतं औषध घेतलं, आणि साखर आपली चढतेच आहे.

आयातदार चिडला. "मॅडम, सहा तासांनी काय आभाळ कोसळतंय?"

"ते प्रयोगशाळा सांगेल," म्हटलं. नमुने पाठवले. 

५ मे
साहेब एवढंच म्हणाले, "तुम्ही स्वतः पाहिलंत ना? मग झालं." डबा गोड लागला.

९ मे
नणंदेचा फोन. ती रोज इन्सुलिन घेते. "वहिनी, तीन दुकानं पालथी घातली! तुझ्याच ऑफिसनं अडवलंय म्हणे." वर आणखी बरंच सुनावलं तिनं.

मग ह्यांनी तिच्या डॉक्टरांना विचारलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाहून दुसऱ्या कंपनीचं आणून दिलं. घामाघूम होऊन परत आले. "तू अडव, मी धावतो!" किती हसलो दोघं.

१६ मे
रिपोर्ट आला. दहापैकी सात नमुने नापास! सगळा माल परत जाणार.

आयातदार आला, तो मान खाली घालूनच. "माझी आईसुद्धा हेच घेते, मॅडम." चहा पाजला त्याला. वाईट माणूस नाही.

नणंदेचाही फोन — "त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले. मनावर घेऊ नकोस हं." घेतलंच नव्हतं. (थोडंसं घेतलं होतं.)

१७ मे
सुट्टी. दुपारी ढाराढूर झोपले. कसली शांत झोप!

१९ मे
अहवालाला जोडायला त्याच आयातदाराची एप्रिलची फाइल काढली. यंत्राची नोंद आतच होती — चार तास शून्याखाली. वर शेरा: माल सोडावा. सही माझी. ते पान मी उलटलंच नव्हतं.

तडक साहेबांकडे गेले. "एप्रिलचा माल आजच्या आज दुकानांतून परत मागवा, साहेब. चूक माझी आहे."