दोन तुझे, दोन माझे

प्रिय सुम्या,

आज राहवलं नाही म्हणून लिहितेय. संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, ज्या दोन देशांच्या लढाईत तुझं जहाज बुडालं, त्यांनी समुद्राच्या हद्दीचा वाद लवादाकडे द्यायचं कबूल केलं. प्रत्येकाचे दोन पंच, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, आणि निकाल दोघांनी मानायचा. अरे, हा तर आपला खेळ!

आठवतं? दिघीच्या त्या एका खोलीत पंख्याखाली कोणी झोपायचं यावरून आपली रोज जुंपायची. शिफ्टवरून आलेले पप्पा एकदा वैतागून म्हणाले, "रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलिय भांडले, तेव्हा सिद्धार्थाने काय सुचवलं? दोन तुमचे, दोन आमचे, चौघांनी पाचवा निवडा. जा, पंच आणा!" मग चाळीतली पोरं पंच म्हणून गोळा व्हायची, आणि पाचव्या पंच गिरणीवाल्या काकू. वर पप्पांचा नियम, निकाल लागला की रडायचं नाही.

आणि तू शहाण्या, एकदा तुझ्या बाजूने मलाच पंच नेमलंस! "ताई खोटं नाही बोलणार," म्हणालास. झालं, पंखा तुलाच द्यावा लागला!

त्या दोघांच्या भांडणात तुझा काय संबंध होता रे? मालवाहू जहाजाचं इंजिन सांभाळणारा तू! "ही शेवटची खेप, मग चाकणलाच नोकरी बघतो," म्हणून गेलास. इंजिनरूममधलं कुणीच वर आलं नाही. पाच माणसं बसवायची अक्कल यांना आधी का नाही सुचली? आग लागो यांच्या हद्दीला!

आता आईचं ऐक. तू हाती लागला नाहीस म्हणून ती तुझ्या फोटोला हार घालू देत नाही, जलदान विधीही करू देत नाही. बातमी ऐकून ताडकन उठली. "मिटलं ना भांडण? मग आता सोडतील माझ्या सुमेधला!" पप्पांनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली. "प्रज्ञा, तू सांग. तू खोटं नाही बोलणार."

मी तिला धरून खाली बसवलं.

उद्या सांगेन, सुम्या. तिला जवळ घेऊन सांगेन. रविवारी विहारात जलदान करू, हार मी घालीन. तुझ्या पंचाचा शब्द आहे हा. पण निकाल लागल्यावर रडायचं नाही, हे मात्र मला जमणार नाही रे.

तुझीच भांडकुदळ,
प्रज्ञाताई